अल्पशा आजाराने

आमच्या देवळी गावात नळ एक दिवसाआड येतो. ज्या दिवशी येतो त्या दिवशीची सकाळ वेगळीच असते, घरात कोणी कोणाशी सरळ बोलत नाही. मी मागच्या अंगणात टाकीत नळी धरून उभी होते, गॅसवर चहा होता, यांची आंघोळ चालली होती आणि समोरच्या खोलीत सासूबाई चष्मा पुसत बसल्या होत्या.

"पेपर आला काय वं?"

"नाही आला अजून, आई."

"काऊन नाई आला? सात वाजून राह्यले ना."

सासूबाईंना, म्हणजे देवकाबाईंना, पेपर लागतो तो एकाच कोपऱ्यासाठी. कोण गेलं ते आधी बघायचं, मग चहा. यांनी एकदा चिडवलं होतं, "आई, आधी मंत्र्याचं तरी वाचत जा." त्यावर त्या म्हणाल्या, "मंत्री रोजच रायते पेपरात. मेलेला मानूस एकच दिवस येते."

तेवढ्यात दाराची कडी वाजली.

या वेळेला आमच्याकडे कोणी येत नाही. दूधवाला फाटकातून हाक मारतो, आणि पेपर टाकणारे प्रेमदासभाऊ तर हाकही मारत नाहीत. ते पेपरची घट्ट सुरळी करतात, फाटकाच्या तिसऱ्या गजात खोचतात, सायकलची घंटी दोनदा वाजवतात आणि पुढे जातात. मी लग्न होऊन आले तेव्हापासून, एकोणीस वर्षं, हे असंच चाललंय. म्हणून मी ओल्या हातांनी दार उघडलं आणि समोर प्रेमदासभाऊच दिसले तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, यांच्या घरी काही झालं.

पेपर त्यांच्या हातात होता. सुरळी केलेली नव्हती.

"वहिनी, जरा बसू काय?"

"बसा ना. काय झालं?"

ते बसले नाहीत. उंबऱ्याशीच उभे राहून म्हणाले, "तुमच्या त्या वहीत शकुबाईचं कात्रण हाये काय?"

मागे टाकी भरून वाहू लागली होती. पाण्याचा आवाज ऐकून सासूबाई ओरडल्या, मी नळ बंद करायला धावले. पण पळता पळताच मी त्यांना सांगितलं होतं, "आहे, भाऊ. आहे माझ्याजवळ."

परत आले तेव्हा ते खुर्चीवर बसले होते आणि दोन्ही हातांनी पेपर मांडीवर धरला होता.

*

बाहेरच्या वाचकांना सांगायला हवं की आमच्यासारख्या तालुक्याच्या गावात पेपर टाकणारा माणूस आणि पेपरात लिहिणारा माणूस पुष्कळदा एकच असतो. पेपरची एजन्सी ज्याची, तोच वार्ताहर. सकाळी पेपर वाटायचे, दिवसभर गावात हिंडायचं, संध्याकाळच्या आत बातमी पाठवायची. प्रेमदास कामडी हे काम सत्तावीस वर्षं करत होते. आता सहासष्ट वर्षांचे आहेत. तीन वर्षांपासून फक्त वाटतात, लिहीत नाहीत.

मूळचे ते तळेगावकडचे. मॅट्रिक झाल्यावर वर्ध्याला एका छापखान्यात लागले. तिथे त्यांचं काम प्रुफं वाचण्याचं. ओल्या शाईचा कागद समोर यायचा आणि लाल पेननं चुका काढायच्या. चुकलेला शब्द आडव्या रेघेनं खोडायचा, समासात खूण करून बरोबर शब्द लिहायचा, खाली सही. "सही काऊन?" असं मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "चूक कोनाची बी असो वहिनी, दुरुस्ती कोनाची ते समजलं पायजे." लाल पेन अजून त्यांच्या खिशाला असतो. पेपर वाटतानासुद्धा.

त्यांचं नाव पेपरात कधीच आलं नाही. बातमीच्या सुरुवातीला नुसतं 'देवळी, ता. ९ (वार्ताहर)' असं यायचं. त्या कंसातला शब्द म्हणजे आपण, हे त्यांना पुरेसं होतं. त्यांच्या मुलीच्या लग्नात व्याह्यांनी विचारलं, काय करता? तर म्हणाले, "कंसात रायतो."

तेव्हा बातमी पाकिटातून जायची. बस स्टँडवर साडेचारची वर्ध्याची गाडी लागली की भाऊ पाकीट घेऊन उभे. पाकिटावर लाल पेननं 'बातमी' एवढाच शब्द. कंडक्टर ते खिशात ठेवायचा आणि वर्ध्याच्या स्टँडवर ऑफिसचा शिपाई न्यायला आलेला असायचा. एक जुना कंडक्टर तर पाकीट घेताना विचारायचाच, "कोन गेलं, भाऊ, आज?"

कारण सगळ्यांना ठाऊक होतं की प्रेमदासभाऊंच्या पाकिटात दुसरं काही असो नसो, निधन वार्ता असणारच.

मोर्चे, सभा, बाजारभाव हे सगळं ते लिहीत. पण त्यांचा खरा हात होता तो त्या चार ओळींत. गावात कोणी गेलं की दुसऱ्या दिवशी भाऊ त्या घरी जाणार. दारात चप्पल काढणार, खाली सतरंजीवर बसणार. पेपरवाला म्हणून नाही, बसायला आलेला माणूस म्हणून. थोड्या वेळानं दोनच गोष्टी विचारणार. काय झालं होतं? आणि काय करायचे?

पहिल्याचं उत्तर पेपरच्या भाषेत ठरलेलं असतं. ते म्हणायचे, "पेपरात मानूस पाचच कारनांनी मरते, वहिनी. वृद्धापकाळानं, दीर्घ आजारानं, अल्पशा आजारानं, हृदयविकाराच्या तीव्र धक्क्यानं, नाई तर अपघाती. पाचातलं कोनतं, ते घरात बसून इचारल्याशिवाय लिवायचं नाई." तेवढा त्यांचा नियम होता.

आणि दुसऱ्याच्या उत्तरातून ते एक ओळ काढायचे. सगळ्यांच्या निधन वार्तेत 'त्या मनमिळाऊ स्वभावाच्या होत्या' असतं. भाऊंच्यात नसायचं. आमच्या मागच्या गल्लीतल्या आनंदाबाई गेल्या तेव्हा त्यांनी लिहिलं होतं, 'त्यांच्या अंगणातल्या विहिरीवर कोणालाही पाणी भरण्याची मुभा होती.' बाजारात चपला शिवणारे म्हातारे गेले तेव्हा, 'शाळकरी मुलांच्या चपला ते आधी शिवून देत.' वर्ध्याच्या ऑफिसात ही ओळ कापायचे. भाऊ दुसऱ्या दिवशी फोन करून भांडायचे. मग कापणं बंद झालं.

मी ती कात्रणं ठेवू लागले. लग्न होऊन आले तेव्हा माझ्याकडे कॉलेजची एक लांबुडकी वही कोरी उरली होती. आधी तिच्यात पाककृती चिकटवायचे, मग भाऊंच्या चार ओळी. कोणासाठी, कशासाठी, ते ठरवलं नव्हतं. गावातली माणसं होती एवढंच. एकदा भाऊ पावसात अडकले म्हणून ओसरीवर थांबले होते, तेव्हा त्यांना ती वही दाखवली. ते उभ्या उभ्या पानं उलटत राहिले. पाऊस थांबला तरी उलटत होते.

"हे कोनी ठेवत असंन असं मले वाटलं नवतं," म्हणाले, आणि सायकल घेऊन गेले. घंटी वाजवायची विसरले.

*

मग पेपर बदलला. पेपरचं नाव मी लिहीत नाही. एकाच पेपरला बोट दाखवण्यासारखं ते नव्हतंच.

आधी कळलं की वर्ध्याच्या ऑफिसात बातमीचं टेबल आणि जाहिरातीचं टेबल एक झालं. त्या टेबलावर आदेश नावाचे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, भाऊ अजूनही तसं म्हणत नाहीत. पण साहेबाला वरून टार्गेट, म्हणून वार्ताहरांना साहेबाचं टार्गेट. कोणत्या पुढाऱ्याचा वाढदिवस कधी, कोणत्या दुकानाचा वर्धापनदिन कधी, याची यादी वार्ताहराकडून यायची. शुभेच्छांच्या पुरवण्या निघू लागल्या. भाऊ घरी आले की सासूबाई विचारायच्या, "काय रे प्रेमदास, आज कोनाचा वाढदिवस आणला?"

"नावच आदेश हाये ना, मावशी," ते हसून म्हणायचे. "त्याचे आदेशच येते."

हसायचे, पण जाहिराती मागायला ज्या दारात जायचं त्याच दारात उद्या बातमीसाठी जायचं, हे त्यांना जमत नव्हतं. एका दुकानदारानं तोंडावर म्हटलं, "भाऊ, जाहिरात मागायले आले का धमकी द्यायले?" त्या दिवशी ते आमच्या ओसरीवर बराच वेळ बसून होते. चहा थंड केला आणि गेले.

त्यानंतर निधन वार्ता गेली. म्हणजे पान राहिलं, पण त्यावर फोटोच्या चौकटी आल्या. ज्याला छापायचं त्यानं जाहिरात द्यावी, असं झालं. चार ओळींना जागा उरली नाही. भाऊ तरी कुठे ना कुठे घुसवायचे. कीर्तनाच्या बातमीच्या शेवटी, ग्रामसभेच्या बातमीच्या शेवटी. सासूबाईंना ते शोधायची सवय लागली. भिंग घेऊन बसायच्या आणि एखाद्या नळ योजनेच्या बातमीच्या शेपटीला सापडलं की ओरडायच्या, "हे पाहा, इथं लपवलं त्यानं भैयाजीले!"

आणि मग शकुबाईचं झालं.

*

शकुबाई नेवारे उन्हाळ्यात माझ्याकडे सरगुंडे, म्हणजे शेवयांसारखं वाळवण, करायला यायची. कणकेचा तो तार काडीवर गुंडाळायचा, अलगद ओढून काढायचा आणि खाटेवर वाळत टाकायचा. तिच्या हाताला तो इतका सारखा यायचा की मी माझे बाजूला लपवायची. "ताई, तुमचे सरगुंडे नाई, गांडूळ हाये," म्हणून हसायची. दिवाळीनंतर कापसाचा हंगाम लागला की ती हिंगणघाट रोडवरच्या एका जिनिंगमध्ये, सरकी काढण्याच्या कारखान्यात, कामाला जायची. सकाळी टेम्पो यायचा, बायका मागे उभ्या राहून जायच्या. घरी नवरा आणि एकुलती मुलगी जया. जया तेव्हा बारावीला होती.

तीन वर्षांपूर्वी जानेवारीतल्या एका रविवारी शकुबाईचा पदर मशीनच्या पट्ट्यात सापडला. टेम्पोतून परत येणाऱ्या बायकांनी संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला सांगितलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच बायका म्हणू लागल्या, आम्ही काही पाहिलं नाही. शकुबाईचा नवराही तेच म्हणू लागला.

मंगळवारचा पेपर आला. पहिलं पान भरून जिनिंगच्या शेठचा हसरा फोटो होता, वर्धापनदिनाच्या शुभेच्छांचा. आतल्या पानावर खाली, इतरांच्या चौकटींच्या मध्ये, भाऊंच्या चार ओळी.

'शकुबाई नेवारे यांचे निधन. देवळी, ता. ११ (वार्ताहर) : येथील रहिवासी शकुबाई नेवारे (वय ४३) यांचे रविवारी अल्पशा आजाराने निधन झाले. निधनाच्या दिवशी सकाळीही त्या कामावर हजर होत्या. त्यांच्या पश्चात पती व एक मुलगी आहे.'

सासूबाईंनी दोनदा वाचलं. "हे कोनता आजार वं?" म्हणाल्या. मी कात्रण कापलं, वहीत चिकटवलं. 'निधनाच्या दिवशी सकाळीही त्या कामावर हजर होत्या' या ओळीखाली पेन्सिलीनं एक बारीक रेघ मारली. त्यांची ती एक ओळ मला समजली होती. सकाळी कामावर हजर असलेली बाई संध्याकाळी आजारानं कशी जाईल? मला समजलं, आणि मी वही मिटून कपाटात ठेवली. तेवढंच केलं मी.

*

"काल जयाचा फोन आलता," भाऊ म्हणाले. चहा त्यांच्यासमोर ठेवला होता. "नर्सिंग झालं तिचं. नागपूरले होती. आता हैदराबादले नोकरी लागली. जायच्या आधी उद्या येऊन राह्यली. दहाच्या गाडीनं."

"चांगलं झालं की."

"हाव. चांगलंच झालं." ते थांबले. "म्हने, काका, आईचं ते पेपरातलं कात्रण हाये काय तुमच्याजवळ? मी माह्यं तवाच फाडलं. पन आईचं नाव छापलेलं जगात तेवढंच हाये. मले ते सोबत न्यायचं हाये."

सासूबाई आतापर्यंत भिंगातून पेपर बघत होत्या. त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"माह्या घरचे जुने पेपर वाळवीनं खाल्ले. ऑफिसले फोन केला तं म्हने, मोबाईलवरचा पेपर एका वर्षाच्या मागचा निघत नाई. फाईल इचारली तं म्हने, जागा बदलली तवा रद्दीत गेली. मंग मले तुमची वही आठवली."

मी उठून वही आणायला निघाले. ते म्हणाले, "थांबा वहिनी. आधी आयकून घ्या. मंग आना."

आणि त्यांनी ते सांगितलं, जे त्यांनी गावात कोणालाच सांगितलं नव्हतं.

त्या सोमवारी त्यांनी पूर्ण बातमी पाठवली होती. 'जिनिंगमध्ये पदर अडकून महिला मजूर ठार.' वेळ, जागा, टेम्पोतल्या दोन बायकांचं आदल्या संध्याकाळचं सांगणं, सगळं होतं. घरी बसून, विचारून लिहिलेलं. तासाभरात आदेश साहेबांचा फोन आला.

"म्हने, भाऊ, उद्या त्याच शेठची पयल्या पानाची जाहिरात हाये. एकाच पेपरात एका पानावर त्याले शुभेच्छा आन दुसऱ्या पानावर हे? मी म्हटलं, मंग जाहिरात परवा लावा. तं हसला. म्हने, तुमाले माह्यी नोकरी खायची हाये काय? बातमी जानार नाई. पायजे तं बाईची निधन वार्ता घेतो, फुकटात, तुमच्यासाठी."

"मग त्यांनीच लिहायला लावलं असेल ते," मी म्हणाले.

"नाई." त्यांनी मान हलवली. "सगळे असंच समजते. मी बी दोन वर्षं सोताले असंच सांगितलं. पन त्यानं कारन सांगितलंच नाई, वहिनी. तो म्हने, कारनाचं तुमी पाहा. फोन ठेवून देल्ला. मी मोबाईलवर लिवत बसलो. अपघाती लिवलं असतं तं ते कापून टाकते, म्हून मी नाई लिवलं. कारन न लिवता धाडलं असतं तं ते बी चाललं असतं. पन बोटाले सवय होती ना. सत्तावीस वर्षांची. 'यांचे' लिवलं की पुढचं आपोआप येते. अल्पशा आजाराने. कोनी माह्या हाताले धरलं नवतं. दोन शब्द माह्येच हाये."

सासूबाई हळूच म्हणाल्या, "पन प्रेमदास, तिचं नाव तं आनलं ना तू पेपरात."

"हाव मावशी. मले बी तवा असंच वाटलं. नाव तरी येईन. खाली एक ओळ टाकली, समजनारा समजन." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी तेव्हा काय समजले होते ते त्यांना माहीत नव्हतं. "पन ज्या पोरीसाठी लिवलं, ते त्याच दिवशी दुपारी पेपर घेऊन माह्या दारात आली. शाळेच्या ड्रेसमध्ये. रडत नवती. म्हने, काका, तुमी घरी आलते, तुमाले सगळं सांगितलं. मंग आईले कोनता आजार होता?"

बाहेर रस्त्यावरून भाजीवाली ओरडत गेली. 

भाऊंनी चहाचा कप बाजूला सरकवला. "ते पोट्टी माह्या समोर ते कात्रण फाडून गेली."

*

त्यानंतरचं काही मला माहीत होतं. ते मार्चपासून लिहिणं सोडून बसले, एवढं गावाला माहीत होतं. लोक म्हणाले, जाहिराती आणत नव्हते म्हणून काढलं. त्यांनी खोडून काढलं नाही. पण त्या दोन महिन्यांत ते चार वेळा वर्ध्याला गेले होते, हे आता कळलं. दुरुस्ती छापा म्हणून. पेपरात 'दुरुस्ती' म्हणून चौकट येते ना, कधी तारीख चुकली, कधी कोणाचं पद चुकलं, तशी.

"आदेश म्हने, नाव चुकलं काय? वय चुकलं? म्हटलं, कारन चुकलं. तं म्हने, मेल्यावर कारनाची दुरुस्ती कोन छापते, भाऊ?"

वर्ष झालं तेव्हा त्यांनी आणखी एक केलं. प्रथम पुण्यस्मरणाची जाहिरात द्यायला गेले. स्वतःच्या खिशातून, बाकीच्यांसारखी फोटोची चौकट. मजकूर लिहून दिला, 'कामावर असताना मृत्यू पावलेल्या शकुबाईंना आदरांजली.' जाहिरातीच्या मुलीनं कागद आत नेला, परत आणला. म्हणाली, पहिले चार शब्द काढावे लागतील.

"म्हंजे पैसे देऊन बी खरं छापता येत नाई," भाऊ म्हणाले आणि पहिल्यांदाच थोडं हसले. "मी कागद खिशात घातला आन वापस आलो."

तेव्हापासून ते साडेचारला बस स्टँडवर जातात. हे मी स्वतः पाहिलं आहे. भाजी घ्यायला गेले की दिसतात. वर्ध्याची गाडी लागते, माणसं चढतात, कंडक्टर घंटी मारतो. भाऊ फलाटावर मोकळ्या हातानं उभे असतात. गाडी वळणापलीकडे गेली की मग सायकल काढतात. मला वाटायचं, जुनी सवय. सवय आहेच. पण ते पाकीट पाठवायला नाही, गेलेलं पाकीट परत यावं म्हणून उभे असतात, हे मला त्या सकाळी पहिल्यांदा कळलं.

"काय आठवते सांगू वहिनी?" ते म्हणाले. "पाकीट देल्लं ना, का वर्ध्याच्या टेबलावर पडेपर्यंत दीड तास असाये. त्या दीड तासात कधी आठवलं की एक शब्द चुकला, तं एसटीडीवरून फोन करायचो. ऑफिसातला मानूस पाकीट उघडून पेननं दुरुस्त करून घ्यायचा. दीड तास. आता बोट उचललं की गेलं. वापस काई येत नाई."

मी उठले आणि कपाटातून वही आणली.

ती वही मी कोणाला हातात देत नाही. यांनी एकदा तिच्यावर टेलिफोन नंबर लिहिला तेव्हा मी दोन दिवस बोलले नव्हते, आणि हे सासूबाईंनी गावभर सांगितलेलं आहे. मी पान काढून भाऊंच्या पुढ्यात ठेवलं. कागद पिवळा पडला होता, पण अक्षर स्वच्छ होतं. त्यांनी चष्मा लावला. कात्रणाला हात लावला नाही, वरून नुसतं बोट फिरवलं. माझ्या पेन्सिलीच्या रेघेपाशी बोट थांबलं.

"हे कोनी मारली?"

"मी. त्याच दिवशी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. मला वाटलं की विचारतील, समजलं होतं तर बोलल्या काऊन नाई. तेवढा हक्क त्यांना होता. पण ते म्हणाले, "म्हंजे ओळ पोचली होती."

"पोचली होती, भाऊ."

 चहावर साय धरली. हे आंघोळ करून बाहेर आले, दारातच थबकले आणि पुन्हा आत गेले.

"मी कात्रण सोडवून देते," मी म्हणाले. "पाण्याचा हात लावला की निघेल. उद्या जयाला देऊन टाका."

"नको. असं कसं देऊ तिले? तिनं फाडलं तेच मी तिले वापस देऊ?"

"मग वेगळ्या कागदावर खरं काय ते लिहून द्या. सोबत ठेवेल ती."

"ते मी लिवून पाह्यलं, वहिनी. काल बसून लिवलं." त्यांनी खिशातून घडी केलेला कागद अर्धा काढला आणि परत ठेवला. "पन कोऱ्या कागदावर लिवलं की ते माह्यं सांगनं होते. लोक म्हनन, म्हातारा आता काई बी सांगते. छापलेल्यावर लिवलं तरच दुरुस्ती होते. आन छापलेलं आता या घरी येवढंच हाये."

"अरे, पन माह्यी सून त्या वहीले कोनाले हात लावू देत नाई," सासूबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

"मले मालूम हाये, मावशी. म्हूनच कडी वाजवली."

त्यांनी खिशाचा लाल पेन काढला. टोपण उघडलं नाही. पेन वहीशेजारी, पानाला लागणार नाही असा ठेवला.

"उद्या जया आली की मी तिले इथंच घेऊन येतो. वही तुमच्याजवळच राहू द्या, जया पानाचा फोटो काढून नेईन. तिच्या समोर मले ते दोन शब्द खोडायचे हाये आन समासात खरं कारन लिवायचं हाये. खाली सही, माह्या नावाची. कंसातली नाई." त्यांचा आवाज भांडून ओळ वाचवायचे तेव्हा जसा असेल तसाच होता. "वहिनी, उद्या मले तुमच्या वहीत तेवढी दुरुस्ती करू द्या."